चेंडूच्या आधी

पियुष खाली टेनिस कोर्टावर एका गुडघ्यावर बसला आणि त्यानं बायकोच्या बुटाची नाडी बांधली. विजयमाला तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळलेल्या चादरी काढत होती, ती तशीच थांबली. पाहायला गेलं तर त्यात काही नव्हतं. तेजस्विनीच्या एका हातात रॅकेट, दुसऱ्यात चेंडू, नाडी सुटलेली, नवऱ्यानं बांधली. नव्या मुलांचं असंच असतं, आणि त्याला नावं ठेवणाऱ्या बायकांपैकी आपण नाही असं विजयमाला स्वतःला बजावत आली होती. पण नाडी बांधून झाल्यावर पियुषनं त्या बुटाच्या टोकावर दोन बोटांनी टिचकी मारली, चल, पळ आता, अशी. आणि तेजस्विनी हसत मागच्या रेघेकडे पळाली. ती टिचकी विजयमालाच्या कुठेतरी आत लागली. चादरीची घडी तिनं घातली, मोडली, परत घातली. दिवसभर तिच्या हातून काही धड झालं नाही. वरणात मीठ नव्हतं ते नवऱ्यानं, संपतरावांनी, सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग वरून घ्या की,’’ आणि संपतरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, कारण तीस वर्षांत वरून मीठ घ्यायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली होती.

तेजस्विनी सून म्हणून वाईट नव्हती. हिंजवडीला एका कंपनीत होती, सकाळी साडेआठच्या बसनं जायची आणि दिवे लागल्यावर दमून यायची, आल्यावर ‘‘आई, मी करते पोळ्या,’’ म्हणायची आणि खरोखर करायची. तिच्या पगाराबद्दल, तिच्या जीन्सबद्दल, तिच्या उशिरा येण्याबद्दल विजयमालाच्या मनात कधी काही आलं नव्हतं. नणंदांनी विचारलं की ती सुनेची बाजू घ्यायची. म्हणूनच त्या दिवशी, घड्यांची चळत कपाटात ठेवताना, आपल्याला जे होतंय त्याला काय म्हणायचं हे तिला कळेना. मुलगा बायकोचा झाला म्हणून सासवांच्या पोटात दुखतं, ते हे नव्हतं. ते तिनं लग्नाच्या मांडवातच गिळलं होतं. हे पायांचं होतं. एका बाईला पळता यावं म्हणून कुणीतरी खाली वाकलं होतं.

विजयमालाच्या पायांकडे एकदाच सगळे मिळून पाहायला बसले होते. कर्वेनगरला वडिलांच्या दोन खोल्यांत धायरीचे पाहुणे आले होते, पोहे झाले होते, आणि सासरे, गेनबा, पितळी तपेल्यासारख्या आवाजात म्हणाले होते, ‘‘पोरी, जरा चालून दाखव.’’ लंगडी नाही ना, एवढंच पाहायचं असायचं. सगळ्याच मुलींना चालायला लावत. ती भिंतीपासून दारापर्यंत चालली आणि दारापासून भिंतीपर्यंत. मुद्दाम हळू चालली. आईनं तसं बजावलं होतं. त्याच आठवड्यात शाळेमागच्या मैदानावर तिनं अशी पळती केली होती की समोरच्या संघाच्या मुली शेवटी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. खो-खोत पळणाऱ्यानं समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचं नसतं. तोंड खोटं बोलतं, खांदेही बोलतात, पाय खोटं बोलत नाहीत. भार कुठल्या पायावर आहे ते पाहायचं आणि ज्या बाजूला त्याला वळता येणार नाही त्या बाजूनं निघून जायचं. विजयमालाला हे कुणी शिकवलं नव्हतं. मंदाकिनी, तिची संघातली मैत्रीण, म्हणायची, ‘‘तुला बाई मागे पण डोळे आहेत.’’ राज्याच्या संघासाठी दोघींचं नाव गेलं होतं. मंदाकिनी जाऊन आली. विजयमाला तोवर धायरीत कांद्याच्या आरणीवर, शेतात रचलेल्या ढिगाशी, बसून पाती कापायला शिकत होती. कुणी तिला खेळू नको म्हणालं नव्हतं, ही त्यातली गंमत. कुणी विचारलंच नव्हतं. आणि न विचारलेल्या गोष्टीला नाही तरी कसं म्हणणार?

ती आरण लागायची त्याच जागेवर आता कोर्ट होतं. बाभळीचा तुकडा म्हणत त्या जमिनीला. बिल्डरनं तो घेतला, बदल्यात दोन फ्लॅट आणि रस्त्यावरचा एक गाळा दिला, संपतरावांनी पांढरी गाडी घेतली आणि त्यांना अचानक दिवसभर काही काम उरलं नाही. बाभळी गेल्या. निळ्या-हिरव्या सिमेंटवर पांढऱ्या रेघा आल्या आणि सकाळच्या वेळी रतन सर नावाचे एक उंच, रापलेले गृहस्थ बादलीभर चेंडू घेऊन शिकवायला यायला लागले. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. नाडीच्या त्या सकाळनंतर विजयमालाला तो मुद्दाम ऐकायची सवय लागली. चहाचा कप घेऊन ती कुंड्यांच्या आड उभी राहायची. एकदा सर म्हणाले, ‘‘तेजस्विनी, हात छान चाललाय तुमचा. पाय मात्र ऑफिसातच राहिलेत. टेबलाखाली.’’ पियुष मोठ्यानं हसला. तेजस्विनीही हसली, पण थोडी उशिरा. विजयमालाला चहा इतका गोड कधी लागला नव्हता. त्या दिवशी तिनं सुनेला जेवणासोबत तिला आवडते तशी चिंच-गुळाची आमटी वेगळ्या डब्यात भरून दिली, वर लाडूही ठेवला. बससाठी निघताना तेजस्विनीनं तिला मिठी मारली. त्या मिठीत विजयमाला ताठ उभी राहिली. लाडू कशाबद्दल दिला हे तिला ठाऊक होतं.

पण पाय टेबलाखालून हळूहळू बाहेर यायला लागले. पहिल्यांदा तेजस्विनी चेंडू मारून झाल्यावर तिथेच उभी राहायची, पाहुण्यासारखी. मग ती मध्ये परत यायला लागली. मग समोरचा मारायच्या क्षणी ती जागच्या जागी एक छोटीशी उडी घ्यायला लागली, दोन्ही पाय फाकवून, टाचा उचलून. सरांनी शिकवलेली. त्या उडीतून ती कुठेही निघू शकायची. डावीकडे अजून अडकायची, पण उजवीकडे सुरेख जायची. कुंड्यांच्या आड उभ्या असलेल्या विजयमालाच्या पोटऱ्या त्या उडीसरशी आपोआप आवळायच्या. तिच्या पायांना ती उडी माहीत होती. हीच, अशीच, खो-खोच्या मैदानातल्या पाटीवर उभं राहून, खो मिळालेली मुलगी उठायच्या आधी. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी आणि मागताही येऊ नये, तसं तिला व्हायचं. सून तिथं फी भरून, बूट घालून, नवऱ्याकडून चेंडू टाकून घेऊन ती उडी शिकत होती. आणि जमलं की टाळ्या.

सदाशिव पेठेत एका लग्नाला सगळे गेले होते तिथं मंदाकिनी भेटली. जाड झाली होती, नोकरीतून लवकरच निवृत्त झाली होती, आवाज तोच. पंगतीत तेजस्विनीच्या शेजारी बसून तिनं सगळं सांगून टाकलं, पळती, मैदान, राज्याचा संघ, सगळं. ‘‘तुझी सासू म्हणजे वारा होता वारा,’’ मंदाकिनी म्हणाली. तेजस्विनीनं जिलबी तशीच हातात धरून ठेवली.

परतताना गाडीत ती म्हणाली, ‘‘आई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.’’

‘‘विचारलं कुणी?’’ विजयमाला म्हणाली.

‘‘मला शिकवा ना मग. माझी डावीकडची मूव्हमेंट होतच नाही. सर रोज ओरडतात.’’

‘‘आमचं मातीतलं होतं ते. सिमेंटवर नाही चालत.’’

गाडी चालवता चालवता पियुष म्हणाला, ‘‘आई आणि खो-खो? अगं, सिंहगड रोड क्रॉस करताना ती माझी बाही धरते.’’ पुढच्या सीटवर संपतराव हसले, तेजस्विनी हसली, आणि विजयमालाही हसली. खरंच होतं, ती बाही धरायची. पण हसता हसता तिला दिसलं की आरशात पियुषचे डोळे तिच्यावर नव्हतेच, ते बायकोला हसवता आलं का ते पाहत होते. त्याला आईची गोष्ट विनोदाइतकीच लागत होती. हे काही आजचं नव्हतं. शाळेच्या शर्यतीत पहिला आला तेव्हा सगळे म्हणाले, बापावर गेलाय. ती तेव्हाही हसली होती.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं पियुषला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. तो गेला त्यानंतर एका सकाळी, तेजस्विनीची बस गेल्यावर, विजयमाला पंजाबी ड्रेस घालून, संपतरावांचे जुने कॅनव्हासचे बूट पुढे कापूस कोंबून घालून खाली उतरली. रतन सर चेंडू गोळा करत होते.

‘‘मला शिकायचंय,’’ ती म्हणाली.

‘‘वेट लॉससाठी का? त्यापेक्षा वॉकिंग बरं, वहिनी. गुडघे सांभाळायचे असतात या वयात.’’

‘‘वजन आहे तेवढं बरंय. खेळायला शिकायचंय.’’

सरांनी खांदे उडवले आणि एक चेंडू तिच्या उजवीकडे टाकला. ती गेली. अशी गेली की चेंडू खाली पडायच्या आतच ती त्याच्यापाशी होती, त्याच्या अंगावर, आणि रॅकेट फिरवायला जागाच उरली नाही. चेंडू तिच्या कोपराला लागून उडाला. दुसरा, तिसरा, तसंच. श्वास फुलला, छातीत कळ आली, पण पाय, ते पाय अजून होते. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ते जवळ आले. ‘‘तुम्ही काय खेळलायत आधी?’’ तिनं सांगितलं. ‘‘तरीच,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही चेंडूला शिवायला धावताय. तो काही तुम्हाला चुकवत नाहीये, वहिनी. तो येणारच आहे. त्याच्या आधी पोचायचं, आणि थांबायचं. हात पुरेल एवढ्या अंतरावर थांबायचं.’’

थांबणं तिला जमेना. जन्मभर दुसऱ्या कामांत ती थांबतच आली होती, पण धावताना थांबायचं तिच्या पायांना माहीत नव्हतं. मोठ्या ढांगा टाकत जायचं आणि शेवटी बारीक बारीक पावलं, उंदरासारखी, म्हणजे चेंडू आणि आपल्यात हात राहतो. हे सर रोज सांगायचे आणि ती रोज चेंडूवर जाऊन आदळायची. पाटीवर एकदा खांदा वळला की मागे फिरायचं नाही, खांबाला वळसा घालूनच यायचं, हे तिच्या हाडात होतं. इथं प्रत्येक वेळी मागे यायचं होतं, मध्ये, जिथून निघालो तिथं. मारलेल्या चेंडूकडे बघत राहायचं नाही. ‘‘बॅक, बॅक, बॅक,’’ सर ओरडायचे. मध्येच तिला रडू यायचं ते थकव्याचं असावं असं ती समजायची. घरी येऊन ती पायांना तेल लावायची आणि मनात तेजस्विनी त्याच जागी काय करते ते आठवायची. ती थांबते. तिला थांबता येतं. तिच्या पायांत आधीचं काही नाही ना, मोकळ्या भांड्यात हवं ते भरता येतं. मग त्या मोकळेपणाचाही हेवा वाटायचा. या खेळात आपल्याला कुणी हरवत नव्हतं तरी विजयमाला रोज एका माणसाशी खेळत होती. चेंडू टाकणाऱ्या सरांच्या जागी तिला तेजस्विनीचं पोनीटेल दिसायचं.

‘‘लई लांब चालाया जाती हल्ली,’’ संपतराव एकदा म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘बरं हाय. गुडघे ऱ्हातील.’’ त्यांनी पेपर उलटला. बूट ओळखले होते की नाही, ते तिला कधीच कळलं नाही. पण पुढच्या रविवारी दाराशी तिच्या मापाच्या पांढऱ्या बुटांचं खोकं होतं आणि ते बाहेर गाडी पुसत होते. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या आत पहिला विचार आला तो असा, की तेजस्विनीच्या बुटांपेक्षा हे चांगले आहेत का.

एके दिवशी पाय थांबले. कसं ते तिला सांगता आलं नसतं. ती निघाली, शेवटची पावलं आपोआप बारीक झाली, आणि चेंडू यायला अजून थोडा वेळ होता. त्या वेळात ती उभी होती, रॅकेट मागे, आणि जगात घाई नव्हती. मग तिनं मारला. सरांनी लगेच पुढचा चेंडू टाकला, आणि विजयमाला मध्ये येऊन त्या छोट्या उडीत उभी होती. तिला मोठ्यानं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखं एकच माणूस होतं घरात, ज्याला हे कळलं असतं. आणि त्या तेजस्विनीलाच सांगायचं नव्हतं.

सांगावं लागलंच नाही. तेजस्विनीच्या कंपनीच्या टेनिस स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, पियुष नव्हता, खेळायला जोडीदार नव्हता. शनिवारी सकाळी ती सरांना म्हणाली, ‘‘सर, आज कुणी आहे का हो?’’ आणि सर अगदी सहज म्हणाले, ‘‘तुमच्या सासूबाई आहेत की. रोज तर येतात.’’ तेजस्विनी वर आली तेव्हा विजयमाला कणीक मळत होती. रॅकेट हातात घेऊनच ती दारात उभी राहिली.

‘‘मी मागितलं तेव्हा नाही म्हणालात,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘चला मग खाली.’’

विजयमालानं हात धुतले, नखांतली कणीक काढत बसली नाही.

तेजस्विनीची सर्व्हिस जोरात यायची, आणि पहिले काही चेंडू विजयमालाला दिसलेसुद्धा नाहीत. सुनेचे फटके सरळ, लांब, तरुण होते. विजयमालाला तसे मारता येत नव्हते. तिला फक्त चेंडू परत करता येत होता. ती परत करत राहिली, आणि परत करताना पाहत राहिली, तोंड नाही, पाय. आणि मग ते तिला दिसलं, इतकं उघड की सरांना इतके दिवस कसं दिसलं नाही याचं नवल वाटावं. उडी घेतल्यावर तेजस्विनीची डावी टाच खाली टेकायची. चेंडू नेटवरून येण्याच्या आधीच टेकायची. म्हणजे भार तिथं बसला, म्हणजे ती आता तिकडे निघू शकत नाही. विजयमालानं चेंडू तिकडे टाकला. हळूच, जोर न लावता. तेजस्विनी अडखळली. पुन्हा तिकडेच. पुन्हा. एकदा उजवीकडे हूल, आणि पुन्हा डावीकडे. आता विजयमालाला घाम जाणवत नव्हता, वय जाणवत नव्हतं. अंगात काहीतरी काळं, थंडगार आणि फार सुखाचं भरत होतं. सुनेचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. एकदा ती डाव्या हाताच्या कुंपणाच्या जाळीपर्यंत फरफटत गेली आणि तिथं वाकून उभी राहिली, तेव्हा कुणीही दोन मिनिटं थांबलं असतं. विजयमालानं पुढचा चेंडू उचलला आणि विचारलं, ‘‘तयार?’’ तेजस्विनी तयार झाली. विजयमालानं तो तिकडेच टाकला.

रतन सर बादली घेऊन केव्हाच निघून गेले होते. तेजस्विनी सिमेंटवर, रेघेवरच बसली. गुडघे छातीशी घेतले.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्हाला माझ्याशी खेळायचं होतं की मला हरवायचं होतं?’’

विजयमालाला उत्तर शोधावं लागलं नाही. ‘‘हरवायचं होतं.’’

‘‘पण मी काय केलंय?’’

‘‘काही नाही.’’

तेजस्विनीनं वर पाहिलं. विजयमालाला वाटलं ती आता रडेल, किंवा काहीतरी असं बोलेल की जे घरात कायमचं राहील. पियुषला फोन जाईल. तो आधी हसेल, मग त्याला कळणार नाही काय बोलायचं. त्या क्षणी तिला फार थकल्यासारखं झालं. नाडीचं सांगावं असं तिच्या जिभेवर आलं. पण सांगणार काय, की माझ्या मुलानं तुझ्या पायाला टिचकी मारली म्हणून? एवढ्याशा गोष्टीच्या मागे केवढं होतं, ते या मुलीला उचलायला देणं बरोबर नव्हतं. ती नुसती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.

‘‘निदान खरं तरी बोललात,’’ तेजस्विनी म्हणाली. मग हात टेकून उठली. विजयमालाला वाटलं ती निघाली. पण ती मागच्या रेघेवर जाऊन उभी राहिली, चेंडू नव्हता, समोर कुणी नव्हतं, आणि तिनं ती छोटी उडी घेतली आणि डावीकडे निघाली. अडकली. परत आली. पुन्हा उडी, पुन्हा डावीकडे. पुन्हा अडकली. दात ओठावर रुतले होते. मग थांबून तिनं विजयमालाकडे पाहिलं, तोंडाकडे नाही, खाली, पांढऱ्या बुटांतल्या त्या पायांकडे, आणि पाहतच राहिली.

ती नजर विजयमालानं ताबडतोब ओळखली. कुंड्यांच्या आडून इतके महिने तिनं ती स्वतःच वापरली होती. तिच्या सगळ्या आयुष्यात, मंदाकिनीनंतर, कुणाला तिच्याकडचं काही हवंसं वाटलं नव्हतं. तिच्या हातची आमटी, तिची झोप, तिचा वेळ घेतला होता सगळ्यांनी, पण ते हवंसं वाटणं वेगळं. आज एका शिकलेल्या, तरुण, नवऱ्याच्या लाडक्या मुलीला तिचे पाय हवे होते. ऊन चढलं होतं. सिमेंटमधून त्याची धग तळव्यांत येत होती.

‘‘काय चुकतंय माझं?’’ तेजस्विनी म्हणाली. ‘‘तुम्हाला दिसतंय. मला माहितीये तुम्हाला दिसतंय.’’

डावी टाच. दोन शब्दांचं काम होतं. विजयमाला कोर्टभर पसरलेले चेंडू एकेक करून उचलायला लागली, न घाई करता. सांगायचं होतं, ते तिनं ठरवूनही टाकलं होतं. स्पर्धेला अजून आठवडा होता, तेवढ्यात टाच सहज सुटली असती, आणि मग ही मुलगी तिला कधीच हातात सापडणार नव्हती. सांगेन, तिनं मनाशी म्हटलं. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आधी, इथंच उभं करून दाखवेन.

‘‘उद्या,’’ ती म्हणाली. आजचा दिवस तिला स्वतःसाठी हवा होता.